कूलरच्या पंख्याची मोटर मंद पडणे

कूलरच्या पंख्याची मोटर मंद पडणे : भिजलेल्या ताट्यांतून हवा ओढून खोलीत सोडणारा पंखा पुरेशा वेगाने न फिरणे, उशिरा सुरू होणे किंवा नुसताच गुणगुणत राहणे. चंद्रपूर आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या जिल्ह्यांत बहुतेक घरांचा उन्हाळा खिडकीबाहेर स्टँडवर ठेवलेल्या पत्र्याच्या कूलरवरच निघतो. वातानुकूलन यंत्रे शहरांत वाढली असली तरी ती अजून थोड्यांचीच. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जाणे नेहमीचे आहे. मे २०१९ च्या अखेरीस तो ४७ च्याही पुढे गेला होता. अशा दिवसांत पंखा मंदावला तर घरातल्या म्हाताऱ्यांचे आणि तान्ह्या मुलांचे हाल होतात, म्हणून हा दोष किरकोळ समजू नये.

कूलरचे काम बाष्पीभवनावर चालते. हवा ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या फडक्याचे तापमान सुमारे २४ अंश असते आणि चांगल्या ताट्यांतून आलेली हवा २८ ते ३० अंशांपर्यंत उतरते. पण भिंती आणि छत दिवसभर उष्णता सोडत राहतात. ती बाहेर लोटण्यासाठी वाऱ्याचा भरपूर झोत लागतो. पाणी थंड आणि पंखा मंद, अशा कूलरने खोली फक्त दमट होते.

वारा कमी झाला की पहिला संशय मोटरवर जातो. तो अनेकदा चुकीचा ठरतो. या भागातले बोअरवेलचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड आहे. त्यातले क्षार ताट्यांवर पांढरे साचतात आणि हवेची वाट बुजते. कोळसा खाणींच्या आणि ऊर्जानगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात त्यावर धूळ व राख बसते. ताटी काढून क्षणभर पंखा लावावा. वारा एकदम वाढला तर मोटर निर्दोष आहे. खोलीची दुसरी खिडकी बंद असल्यास आत आलेल्या हवेला बाहेर पडता येत नाही, तेव्हाही झोत मरतो. पात्याचा स्क्रू ढिला होऊन दांडा एकटाच फिरतो आहे का, हेही पाहावे.

त्यानंतर पाहायचा तो विजेचा दाब. मोटरचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो : २३० व्होल्टऐवजी १८० मिळाले तर जोर सुमारे ६१ टक्केच उरतो. गावाच्या टोकाच्या घरांत, लांब वाहिनीच्या शेवटी, संध्याकाळी सगळे कूलर आणि पंप एकदम लागल्यावर हे घडते. सकाळी पंखा जोरात आणि रात्री मंद, हे त्याचे ओळखचिन्ह. अशा वेळी मोटर उघडण्यात अर्थ नाही. मल्टिमीटरने दाब मोजून वीज कार्यालयात तक्रार करावी.

दाब ठीक असेल तर कंडेन्सर तपासावा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. कूलरच्या मोटरला एकफेजी वीज मिळते. मोटरच्या दुसऱ्या वेटोळ्यातला प्रवाह कंडेन्सर पुढे सरकवतो, त्यामुळे फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते. दिवसभर उन्हात तापलेल्या पत्र्याआड कंडेन्सरची क्षमता हळूहळू झिजते : चार मायक्रोफॅरडचा नग अडीचवर आला तरी पंखा फिरतो, पण दमाने. अगदीच निकामी झाला तर मोटर गुणगुणते आणि पाते ढकलल्यावरच सुटते. काठीने पाते ढकलून कूलर चालू करण्याची सवय घातक आहे. त्यात वेटोळे तापते आणि ओल्या पत्र्याला हात लागतो. नवा कंडेन्सर मोटरवर लिहिलेल्याच क्षमतेचा आणि ४४० व्होल्टचा घ्यावा. मोठा लावला तर वेग थोडा वाढल्यासारखा वाटतो, पण दुसरे वेटोळे लवकर जळते. जुना काढताना त्याची दोन्ही टोके इन्सुलेटेड मुठीच्या पेचकसाने जोडून साठलेला भार उतरवावा.

कंडेन्सर बदलूनही फरक न पडल्यास दांडा ज्यात फिरतो ते बुश पाहावे. आठ महिने पडून राहिलेल्या कूलरच्या दांड्यावर गंज चढतो आणि तेल सुकते. प्लग काढून पाते हाताने फिरवावे : ते सहज फिरून हळूहळू थांबले पाहिजे. अडखळले तर दांडा साफ करून मशीन तेलाचे थोडे थेंब सोडावेत. दांडा डुगडुगत असेल तर बुश बदलावेच लागते. जळका वास येत असेल, एक स्पीड चालून दुसरी चालत नसेल किंवा मोटर काही मिनिटांतच हात न लागण्याइतकी तापत असेल, तर बहुधा मोटरचे वेटोळे (वायंडिंग) गेले आहे. लहान मोटर भरून घेण्याचा खर्च पुष्कळदा नव्या मोटरच्या जवळ जातो, त्यामुळे दोन्ही भाव विचारूनच ठरवावे.

विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा धक्का बसून माणसे दगावतात, त्यांत लहान मुलेही असतात. पत्रा, पाणी आणि जुनी वायर एकत्र आल्यावर नुसते बटन बंद करणे पुरेसे नाही. पाणी भरतानाही प्लगच काढावा. तीन पिनांचा प्लग, खरे अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअर गळतीला वीज तोडणारा स्विच यांवरचा खर्च टाळू नये.

कूलरऐवजी स्प्लिट एसी असेल आणि त्यातला ब्लोअर मंदावला तर आधी जाळी धुवावी. मग लांब नळीसारख्या ब्लोअरच्या पात्यांत साचलेला धुळीचा थर पाहावा. त्यानेच वारा बराच घटतो. साध्या मोटरला इथेही छोटा कंडेन्सर असतो. अनेक इन्व्हर्टर एसींच्या डीसी मोटरला तो नसतो, तिथे दोष मोटरमध्ये किंवा सर्किट बोर्डात असतो आणि तो जाणत्या मेकॅनिकनेच शोधावा.

पावसाळ्यात हवा दमट झाली की कूलर गार करत नाही आणि लोक तो आहे तसा कोपऱ्यात लोटतात. तेव्हाच टाकी कोरडी करून, ताट्या काढून, बुशला तेल देऊन मोटर कापडात गुंडाळली तर पुढच्या मार्चमध्ये दांडा जाम झालेला मिळत नाही.