कालवा, लॅम्प्रे आणि एक गंध

मासे म्हटले की आम्हा मिशिगनकर मराठी मंडळींना भाव आणि कालवण आठवतं. मला मात्र एक कालवा आठवतो!

नायगारा धबधब्याला वळसा घालून बोटी ओंटॅरिओ सरोवरातून ईरीत जाव्यात, म्हणून १८२९ मध्ये वेलँड कालवा सुरू झाला. त्याच वाटेने समुद्री लॅम्प्रेही वर आला. हा मूळचा अटलांटिकचा. बामसारखा लांबडा, जबडा नसलेला. गोल दातेरी तोंडाने दुसऱ्या माशाला चिकटतो आणि रक्त शोषतो. १९२१ साली तो ईरीत दिसला, १९३८ मध्ये सुपीरिअरला पोचला. वरच्या सरोवरांत वर्षाला सुमारे १.५ कोटी पौंड लेक ट्राउट मिळत असे. १९६० च्या सुमारास तो जेमतेम ३ लाख पौंडांवर आला. मच्छीमारांचे धंदे बसले.

१९५५ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने संयुक्त आयोग स्थापला. हजारो रसायनं तपासल्यावर टीएफएम हे विष सापडलं. ओढ्यांतल्या लॅम्प्रेच्या अळ्या त्याने मरतात, बाकीचे बहुतेक मासे वाचतात.

खरी गंमत पुढेच आहे. वसंतात लॅम्प्रेचा नर ओढ्यात दगड रचून घरटं करतो आणि पित्ताम्लाच्या जातीचं एक रसायन कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. अंडी घालायला तयार झालेली मादी त्या वासाच्या मागावर, प्रवाहाविरुद्ध पोहत, त्याच्यापर्यंत येते. २००२ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या वायमिंग ली आणि सहकाऱ्यांनी हे रसायन ओळखलं. पुढे तेच प्रयोगशाळेत बनवून सापळ्यात ठेवलं, तर माद्या सापळ्याकडे वळल्या! २०१५ मध्ये अमेरिकन सरकारने त्याची कीटकनाशकांसारखी रीतसर नोंदणी केली. कणा असलेल्या प्राण्याच्या गंधाला असा मान पहिल्यांदाच मिळाला.

म्हणून विष सुटलं का? नाही. ओढ्यात खरे नरही गंध सोडत असतात, त्यांच्याशी सापळ्याची स्पर्धा असते. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडमुळे टीएफएमचं काम मंदावलं, आणि लॅम्प्रे पुन्हा वाढले.

आपणही बाहेरूनच इथे आलेली माणसं, त्यामुळे लॅम्प्रेला नुसतं 'परका' म्हणून शिव्या घालणं मला जमत नाही. पोर्तुगालमध्ये हाच मासा लोक आवडीने खातात. इथे त्याला वाट माणसानेच करून दिली. पहिला कालवा ५ वर्षांत खणून झाला. त्याची निस्तरानिस्तर दोन देश आजही दरवर्षी करताहेत.