सीडीवरचा ओरखडा आणि नागपूरचे श्रीखंडे

उर्दूत ज़ेर-ज़बर छापलेले नसले तरी वाचणाऱ्याला शब्द लागतो, कारण त्याला अर्थ माहीत असतो. यंत्राला अर्थ कळत नाही. मग ओरखडा पडलेली सीडी नीट कशी वाजते?

1982 साली बाजारात आलेल्या सीडीत आवाजाच्या दर 24 बाइटमागे तपासणीचे 8 बाइट जास्तीचे असतात. शिवाय शेजारचे बाइट दूरदूर पेरलेले असतात. ओरखड्याने एका जागचे सगळे गेले तरी प्रत्येक गटातले थोडेच हरवतात आणि उरलेल्यांवरून गणिताने परत मिळतात. सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचे नुकसान असे पूर्ण भरून निघते.

ही पद्धत रीड आणि सॉलोमन यांच्या 1960 च्या गणितावर उभी आहे. त्याच सुमारास अमेरिकेत राज चंद्र बोस आणि त्यांचे शिष्य राय-चौधुरी याच प्रश्नावर काम करत होते. बोस यांचे दुसरे शिष्य शरदचंद्र श्रीखंडे. जन्म 1917, सागर. शिक्षण नागपूरच्या सरकारी विज्ञान महाविद्यालयात. 1959 मध्ये बोस-श्रीखंडे यांनी संकेतरचनेवर निबंध लिहिला. त्याच वर्षी पार्कर यांच्यासह त्यांनी ऑयलरचा 1782 चा अंदाज खोटा ठरवला. पुढे श्रीखंडे मुंबई विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख झाले. 2020 मध्ये, 102 व्या वर्षी ते गेले.

सीडीतला संकेत त्यांचा नाही. नसलेले श्रेय देऊ नये. पण आमच्या ब्रह्मपुरीची मुले नागपूरला शिकायला जातात आणि गणित परक्यांचे समजतात. त्यांना मी हे नाव सांगतो.