वैशाख, 1682 : मुक्कामाला जागा मिळेल का?

पुंडलिकनगरच्या मुख्य रस्त्यावर उभे आहात ना? मग डोक्याला काहीतरी गुंडाळा आणि पाण्याची बाटली आताच संपवून टाका. पुढे ती भरून मिळायची नाही. मेसचे बोर्ड, मोबाइलची दुकानं, भाजीच्या गाड्या, गजानन महाराज मंदिराकडे वळणाऱ्या रिक्षा एकेक करून नाहीशा होताहेत. डांबरही गेलं. पायाखाली आता काळी, भेगाळलेली माती आहे आणि ज्वारी काढून नेल्यावर राहिलेली धसकटं पोटऱ्यांना ओरखडतायत. साल 1682, महिना वैशाख. तुम्ही औरंगाबादच्या बाहेर रानात उभे आहात आणि दिवस मावळायच्या आत तुम्हाला मुक्कामाची जागा शोधायची आहे.

वेळ मात्र तुम्ही फारच वाईट निवडलीत. थोड्याच दिवसांपूर्वी खुद्द औरंगजेब बादशहा उत्तरेतून सगळा लवाजमा घेऊन या शहरात येऊन ठेपलाय. त्याच्यामागे सरदार, सरदारांमागे शिपाई, शिपायांमागे घोडे, घोड्यांमागे घासवाले आणि या सगळ्यांना खाऊ घालायला धान्य लादलेले वंजाऱ्यांचे बैल. दक्खनच्या या शहरात आज पाय ठेवायला जागा नाही, आणि तुम्हाला हवी आहे शांत, हवेशीर, स्वतंत्र खोली! चला, बघू.

वायव्येला चालत राहा. शहर दिसण्याआधी त्याचा वास येतो. आधी शेणाच्या गोवऱ्यांचा धूर, मग घोड्यांची लीद, मग एकदम नाक चुरचुरवणारा ओला चुना. गावाभोवती नवा तट उभा राहतोय. बैल गोल गोल फिरून चुन्याची घाणी ओढतायत, दगडी चाकाची घरघर दातांत भरते, बायका डोक्यावरून घमेली वाहतायत, आणि त्यांच्या भुवया पांढऱ्या पडल्यात. गाढवांच्या रांगेच्या मधून जाऊ नका, बाजूने जा. पाठीवर दगड असलेलं गाढव कुणासाठी थांबत नाही.

आत आलात. आता पहिली निवड. जिथे तुमच्या काळात गुलमंडी आणि सिटी चौक आहे, त्या बाजूला व्यापाऱ्यांचे वाडे आहेत. शाइस्ताखानाने 1665 मध्ये बांधलेली चौक मशीद अजून नवीच वाटते. तिच्या आसपास कापडाचे तागे, अत्तराच्या कुप्या, डाळींच्या राशी, आणि माणसांचे खांदे खांद्यांना घासतायत. इथल्या एखाद्या वाड्याच्या पडवीत झोपायला मिळालं तर उत्तमच. पण दारात पहिला प्रश्न येतो, ‘कुणाकडून आलात?’ चिठ्ठी आहे? नात्यातलं, गावातलं, धंद्यातलं कुणी? नसेल तर पाणी मिळेल, गुळाचा खडाही मिळेल, पण पडवी नाही मिळणार.

आधी पैशांचं बघा. कमरेची रुपयाची नाणी सराफापुढे टाका. तो एकेक नाणं दगडावर वाजवतो, कानाशी नेतो, काठ चाचपतो. नाणं जुन्या सालचं, चलनात फिरून झिजलेलं असेल, तर बट्टा कापणार. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, मागे रांग आहे आणि रांगेतले सगळे तुमच्याआधीच वाद घालून दमलेत. खुर्दा घ्या, गाठ घट्ट बांधा, निघा.

दुसरी निवड पुऱ्यांची. शहराला लागून सरदारांनी आपापल्या नावाची पुरं वसवली आहेत. जयसिंगपुरा, कर्णपुरा, पदमपुरा. रजपूत घोडेस्वारांची वस्ती, आखूड जिन्यांचे वाडे, दाराशी बांधलेली कुत्री, आत तुपात परतलेल्या पिठाचा वास. जागा ऐसपैस आहे. पण ती ज्याच्या पदरी तुम्ही आहात त्याची. तुम्ही कुणाच्याच पदरी नाही.

तिसरी निवड बेगमपुऱ्याची, खाम नदीपलीकडे. बीबी का मकबऱ्याचा घुमट झाडांवरून दिसतो. बांधून वीसेक वर्षंच झाली असल्याने तो इतका पांढरा आहे की डोळे बारीक करावे लागतात. तुमच्या काळातला काळवंडलेला गिलावा विसरून जा. बागा, कारंजी, वाळ्याचे पडदे, पडद्यांवर पाणी मारणारे नोकर. तुमच्या काळात ज्याला महाग, देखणं, निवांत हॉटेल म्हणतात ते सगळं इथे आहे. फक्त ते भाड्याने मिळत नाही. रुपये देऊन खोली विकत घेता येते ही कल्पना ऐकून दारावरचा खोजा मनापासून हसेल. चांगली जागा मिळते ती आमंत्रणाने, हुकुमाने किंवा नात्याने.

पाणचक्कीपाशी बसू म्हणत असाल तर ती अजून बांधलेली नाही. पाणी मात्र आहे. मलिक अंबरने या शतकाच्या सुरुवातीला डोंगराकडून आणलेली नहर जमिनीखालून वाहते आहे. खापरी नळांतून, मधूनमधून हवा सुटायला बांधलेल्या चिरेबंदी उसाशांतून वर डोकावत ती गावातल्या हौदांपर्यंत पोचते. एका हौदाशी थांबा, ओंजळ भरा. पाणी थंड आहे आणि त्याला मातीची किंचित चव आहे. मुक्कामाची जागा ठरवताना हे लक्षात ठेवा. आधी पाणी विचारा, मग छप्पर.

आता सूर्य उतरलाय आणि उरला एकच मार्ग. उत्तरेला, अजिंठ्याच्या वाटेवर, कोसभरावर हर्सूल. तिथे सराई आहे. पाय उचला, कारण मावळतीनंतर तिचा दरवाजा बंद होतो आणि मग तुम्ही कितीही मोठे असा, रात्र बाहेर, कोल्ह्यांच्या सोबतीला.

वाटेवर उंटांचा काफिला तुम्हाला गाठेल. घुंगरांचा आवाज आधी, मग धुळीचा पडदा, मग लोंबत्या ओठांची ती तुसडी तोंडं. काफिल्याच्या शेपटीला लागून चालत राहा. दरवानाला गर्दीतला एक माणूस वेगळा काढून चौकशी करायचा कंटाळा असतो.

सराई म्हणजे उंच भिंतींचा भला मोठा चौकोन. दरवाजा असा की अंबारीचा हत्ती आत जावा. आत मोकळा चौक, मध्ये विहीर, कडेला निंब आणि चिंच, आणि चारी भिंतींना लागून कमानींच्या ओवऱ्या. निकोलाव मनुची नावाचा व्हेनिसचा एक फिरस्ता याच काळात हिंदुस्तानात वावरतोय. तो पुढे लिहून ठेवणार आहे की अशा एकेका सराईत 800 ते 1000 माणसं मावतात, शिवाय घोडे, उंट, गाड्या वेगळ्या. आणि सैनिक सराईत उतरत नाहीत, ती फक्त वाटसरूंची. छावणीने गिळलेल्या शहरातून आलेल्या तुम्हाला या एका नियमाची किंमत लगेच कळेल. इथे कुणी तुमची बाज ओढून नेणार नाही.

भटियारीण समोर आली. कमरेवर हात, पदर खोचलेला, तोंडात विडा. सराईतल्या ओवऱ्या झाडणं, बाजा देणं, रांधून घालणं हा तिचा आणि तिच्या नवऱ्याचा धंदा. ती दखनीत दर सांगते, तुम्ही निम्म्याला मागता, ती ‘नक्को’ म्हणून पाठ फिरवते, आणि चार पावलांवर थांबते. आता ओवरी निवडा. घाईने पहिली घेऊ नका. दरवाज्याजवळची नको, रात्रभर दरवान खोकतो. विहिरीला खेटून असलेली नको, पहाटे रहाट करकरतो. उंटांच्या वाऱ्याखालची तर मुळीच नको. विहिरीपासून पाच-सहा ओवऱ्या सोडून, पश्चिमेच्या भिंतीची घ्या. नाही, थांबा, ती दुपारभर तापलीय, हात लावून बघा. पूर्वेची घ्या.

आत वाका, दार ठेंगणं आहे. शेणाने सारवलेली जमीन, भिंतीत एक कोनाडा, त्यात करडईच्या तेलाचा दिवा. कोनाड्याच्या वरचा दगड काजळीने इतका काळा झालाय की बोट फिरवलं तर रेघ उमटते. एक खुंटी. एक बाज, सुंभाची. अंथरूण? ते तुम्ही आणायचं होतं. सगळे आपापली वळकटी घेऊन फिरतात. भटियारणीकडे एक घोंगडी आहे, वेगळे पैसे पडतील. बाजेवर लगेच आडवे होऊ नका. ती उचलून चौकात न्या आणि तिच्याच पायांवर जोरात आपटा. बघा, सांध्यांतून ढेकूण पडले. पुन्हा आपटा. शेजारचा माणूसही तेच करतोय, त्याच्या शेजारचाही. संध्याकाळच्या वेळी सगळी सराई ढोलासारखी दणदणते.

जेवणाचं काय? दुसऱ्याच्या हातचं खात नसाल तर चौकातल्या दुकानातून शिधा घ्या, भटियारणीकडून सरपण आणि मडकं घ्या, तीन दगड मांडा. खात असाल तर तिच्या चुलीपाशी बसा. मुगाची खिचडी रटरटतेय, वाफेत जिऱ्याचा वास आहे. ती पळीने तूप ओतते. थोडं तळहातावर घेऊन चोळा आणि हुंगा. खवट असेल तर आत्ताच सांगा, पोटात गेल्यावर सांगून उपयोग नाही. पलीकडे तंदुरातून रोट्या निघतायत आणि मांसाच्या रश्शावर लाल तर्री तरंगतेय. चहा मागू नका, बटाट्याची भाजीही नको.

खिचडीचं पान घेऊन एकटे ओवरीत जाऊ नका, ही या मुक्कामातली सगळ्यात मोठी चूक ठरेल. शेजारी बुऱ्हाणपूरचा कापडवाला बसलाय, त्याच्यासमोर बसा. त्याला तुमच्यातला लिंबू द्या, तो आंब्याचं लोणचं देईल. कुठून, कुठे, वाटेत पाणी कसं, फर्दापूरचा घाट कसा, एवढंच बोलणं पुरे. हुक्क्याची नळी फिरत तुमच्याकडे येईल. ओढत नसाल तर छातीला हात लावून पुढे द्या.

दरवाजा लागला. साखळी खणखणली, अडसर सरकला. कुणीतरी मोठ्याने ओरडतोय की आपापलं सामान सांभाळा. एकदा, दोनदा, तीनदा. मग उंटांचं गुरगुरणं, कुठे रडणारं मूल, कुठे ओव्या, कुठे कुराण, आणि घामाने चिकटलेली पाठ. ओवरीत गुदमरायला होतं म्हणून सगळ्यांनी बाजा बाहेर चौकात काढल्या आहेत. तुम्हीही काढा. स्वतंत्र खोलीचा हट्ट अशा रीतीने पहिल्याच रात्री संपला.

पहाटे तोच आवाज. तपासा हो, आपलं सगळं जागेवर आहे का बघा. तीन हाका होईपर्यंत दरवाजा उघडत नाही. आणि आज एकाचा तांब्याचा लोटा सापडत नाहीये. आता लोटा मिळाल्याशिवाय शे-दोनशे बैल, सगळे उंट आणि तुम्ही, कुणीही बाहेर पडणार नाही. चोर सापडला तर त्याला सराईसमोरच लटकवतात, असं मनुची लिहितो. लोक एकमेकांकडे पाहू लागतात. तुमच्याकडे जरा जास्तच पाहतात, कारण तुमची पगडी चुकीची बांधलीय, तुमचं बोलणं विचित्र आहे आणि तुमच्याबरोबर कुणी नाही. दरवान तुमची घोंगडी झटकतो.

तेवढ्यात कापडवाला उठतो. म्हणतो, हा रात्रभर माझ्या उशाशी होता. कशावरून? घोरत होता, मला डोळा लागू दिला नाही. हशा पिकतो. दरवान पुढच्या ओवरीकडे वळतो. थोड्या वेळाने लोटा एका गाडीच्या गवताखाली, मालकानेच ठेवलेला, निघतो. मालक शिव्या खातो आणि दरवाजा उघडतो.

पुढे या सराईचा तुरुंग झाला आणि हर्सूलचं कारागृह म्हणून तुम्ही ती जागा बसमधून कितीदा पाहिली असेल. इतक्या उंच भिंती कैद्यांसाठी बांधल्या असणार असं तुम्हाला वाटलं असेल. त्या पैसे देऊन आपणहून आत कोंडून घेणाऱ्यांसाठी होत्या. त्या काळी उत्तम मुक्काम म्हणजे जिथे पाणी गोड, दरवाजा भक्कम आणि शेजारी तुम्हाला ओळखणारा.

तेव्हा आज रात्री राहायचं असेल तर कापडवाला निघण्याआधी भटियारणीला गाठा आणि नव्या काफिल्यातला कोण कुठे उतरतोय ते विचारून घ्या. गप्पिष्ट माणसाशेजारची ओवरी मागा, चार पैसे जास्त पडले तरी चालतील. आणि झोपलात की खुशाल मोठ्याने घोरा.