दवंडी आणि रेडिओ

राजा दवंडी पिटवी आणि गाव ऐकून घेई. रेडिओवरही एकच बोलतो, हजारो ऐकतात. मग लोकशाहीतला रेडिओ दवंडीहून निराळा तो कशाने?

हा प्रश्न १९५६ साली आपल्याच मुलखात कसाला लागला. आकाशवाणीचे पुणे केंद्र, पाठीशी युनेस्को, आणि त्या वेळच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांतली दीडशे गावे. कल्पना मूळची कॅनडाची. तिकडे १९४१ पासून शेतकरी शेजाऱ्याच्या घरी जमून रेडिओ ऐकत नि त्यावर चर्चा करीत. इथे गावोगाव सुमारे वीस जणांचे मंडळ बसे. फेब्रुवारी ते एप्रिल, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास.

पण खरे काम कार्यक्रम संपल्यावर! संच बंद करायचा आणि आपसांत बोलायचे. शंका उरली तर टिपून पुण्याला धाडायची; उत्तर पुढे रेडिओवरून यायचे. दवंडीवाल्याला कुणी उलट विचारले होते का?

टाटा समाजविज्ञान संस्थेने पाहणी केली. ती पॉल न्यूराथ ह्या समाजशास्त्रज्ञाने चालवली. नुसता रेडिओ असलेल्या गावांहून मंडळांच्या गावांत माहिती पुष्कळच अधिक वाढली होती. मला मात्र त्याहून मोठी वाटते ती बैठक. मंडळात सही करणारे होते, तसे अंगठा उठवणारेही. पुस्तक ज्याला परके, त्याला कान होते, आणि मतही होते. ते आजवर कुणी विचारले नव्हते, इतकेच.

१९५९ पासून अशी मंडळे देशभर निघू लागली.