पाच रविवारांची मेहनत

बाकी महाराष्ट्रात ‘खेटे घालणे’ म्हटलं की तलाठ्याची कचेरी डोळ्यांपुढे येते. आमच्या कोल्हापुरात खेटा म्हणजे माघातला रविवार, पहाटेचा काळोख आणि पंचगंगेच्या शिवाजी पुलावरून जोतिबाच्या डोंगराकडे निघालेली माणसं. माघ पौर्णिमेनंतर असे पाच रविवार. वडणगे, निगवे, कुशिरे, पोहाळे आणि मग गायमुख. अंतर सतरा-अठरा किलोमीटर. गायमुखापर्यंतची वाट पायांची, तिथून पुढची छातीची, असं माझा आजा म्हणायचा.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. रत्नासुराला मारून जोतिबा, म्हणजे केदारनाथ, परत हिमालयाकडे निघाला. त्यानं दख्खनेतच राहावं म्हणून करवीरची अंबाबाई डोंगरावर चालत गेली, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. तेच हे खेटे. भाविक या कथेत भक्ती बघतात, मला दुसरंच दिसतं. देवाला थांबवायचं तर देवीनंसुद्धा चालून घाम गाळला. नवस बोलून घरी बसली नाही.

मी एकतीस वर्षं शाळेत पी. टी. शिकवली, त्यामुळे नजर अशीच झाली आहे. या खेट्यांचं वेळापत्रक मी कितीदा तरी कागदावर मांडून बघितलं आहे. आठवड्यातून एकदा मोठी चाल, मधले सहा दिवस अंगाला सावरायला. पहिल्या रविवारी पोटऱ्यांना गोळे येतात, सोमवारी जिना उतरताना आई आठवते. दुसऱ्याला गोळे कमी. तिसऱ्याला दम पुरतो. पाचव्याला माणूस गायमुखाशी बसत नाही, उभ्यानंच पाणी पिऊन चढाला लागतो. आणि शेवटच्या खेट्यानंतर महिनाभराच्या आत येते चैत्र पौर्णिमा, सासनकाठ्या नाचवायचा दिवस. माझं म्हणणं असं की खेटे ही काठीची तयारी आहे. कुणी पोथीत तसं लिहिलेलं नाही, पण ज्यानं खेटे चुकवले त्याला काठीखाली उभं राहिल्यावर ते कळतंच.

यंदा नातीसाठी मी हा हिशेब प्रत्यक्षात आणायचं ठरवलं. ती एकोणीस वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करते. मुलींना आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. मैदानावर गोल गोल पळून तिला कंटाळा आला होता. म्हटलं, पहिल्या खेट्याला चालत जाऊ आणि दुसऱ्या खेट्यापर्यंत आठ दिवस वरच राहू. मुलानं सुट्टी काढली, सूनबाईंनी चटण्या भरल्या. आमच्या पुजाऱ्यांच्या घरी उतरलो. तीही जुनीच रीत. घराण्याचा पुजारी ठरलेला, त्याच्या सोप्यात पथारी टाकायची, नैवेद्याची पुरणपोळी त्याच्या चुलीवर. आता सोप्याला फरशी आली आणि चुलीच्या जागी गॅस.

वर पहिल्या सकाळी नातीला उठवून कठड्याशी नेलं. खाली पंचगंगेच्या खोऱ्यावर धुकं असं पसरलं होतं की वडणगे नाही, प्रयाग चिखली नाही, कोल्हापूर नाही. पाण्यासारखं पांढरं, आणि त्यातून वर आलेला आमचा डोंगर. पश्चिमेला पन्हाळ्याचं टोक. उत्तरेला वारणेचं खोरं, तेही बुडालेलं. “आबा, आपण बेटावर आहोत,” ती म्हणाली. खोटं नव्हतं. पन्हाळ्याकडून आलेल्या रांगेतलाच हा डोंगर, पण लांबून एकटाच उठून दिसतो. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ३१०० फूट, पायथ्यापासून हजारेक फूट चढ.

तो हजार फूट चढ हेच आमचं मैदान. पहाटे गायमुखापर्यंत उतरायचं, तोंडावर पाणी मारायचं आणि न थांबता वर. मग यमाईच्या देवळापर्यंत हलकी पळ. पहिल्या दिवशी गायमुख ते देऊळ अठ्ठावीस मिनिटं लागली. मी वर घड्याळ घेऊन बसलो होतो. ती धापा टाकत आली आणि म्हणाली, “ह्येला मेहनत म्हणत्यात व्हय? ही तर शिक्षा हाय.” शहरात वाढलेली पोर, पण दमली की भाषा आजीची येते.

मेहनत हा शब्द तिनं बरोबर पकडला. तालमीत व्यायाम म्हणत नाहीत, मेहनत म्हणतात. माझा आजा पेठेतल्या तालमीत होता, शाहू महाराजांच्या काळात. महाराजांनी तालमींना बळ दिलं, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं आणि पेठेपेठेत लंगोट वाळत पडू लागले. आजा सांगायचा, माघ लागला की वस्ताद शनिवारच्या बैठका निम्म्या करायचे. का, तर रविवारी पोरं डोंगराला जाणार. सोमवारी जोर नाहीत, नुसती मालीश. म्हणजे मी पुढं पुस्तकांतून जे शिकलो, ताण आणि विसावा यांचा मेळ, ते वस्तादांना पंचांगावरून कळत होतं. देवाला जाणाऱ्या पोराला कोण अडवणार? म्हणून त्यांनी देवालाच खुराकात धरलं.

आणि हे फक्त कोल्हापूर शहराचं नाही. जोतिबाचं मूळ देऊळ बांधणारा नावजी सया कराडजवळच्या किवळचा. १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक घेणारा, स्वतंत्र भारताचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक पहिल्यांदा आणणारा खाशाबा जाधवही कराडजवळचाच, गोळेश्वरचा. शिकला आमच्या राजाराम कॉलेजात, आणि त्याच्या प्रवासाच्या पैशासाठी प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकलं. दोन गोष्टींचा संबंध लावू नये हे मला कळतं. पण कृष्णा, वारणा आणि पंचगंगा या पट्ट्यात देव आणि आखाडा एकाच घरात राहत आले आहेत. वाड्यात जोतिबाचा टाक असतो आणि शेजारच्या खुंटीला मुद्गल.

आजचं देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलं. सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे हे शिंदे, पुढं त्यांचं घराणं ग्वाल्हेरला गाजलं, पण कुलदैवत इथलंच. केदारेश्वराचं देऊळ दौलतराव शिंद्यांचं, १८०८ चं. रामलिंगाचं देऊळ १७८० च्या सुमारास मालजी निलम पन्हाळकरांनी बांधलं. चोपडाईचं हिंमतबहादर चव्हाणांनी. यांतली बहुतेक नावं घोड्यावर आयुष्य काढणाऱ्यांची. मुलानं विचारलं, “एवढा दगड त्यांनी इथं कशाला आणला?” मी म्हटलं, दगड काळा, डोंगराचाच, आणायचा कशाला. पण प्रश्न दगडाचा नव्हता हे मलाही कळलं. माळव्यापर्यंत घोडी फेकणाऱ्या माणसाला घरच्या डोंगराची सय का सुटत नाही, हे मुलाला पुण्यात राहून जास्त चांगलं माहीत असणार. मी विषय वाढवला नाही.

मधल्या बुधवारी पळ बंद ठेवली आणि पोहाळ्याच्या लेण्यांकडे गेलो. खेट्याच्या वाटेला इतक्या जवळ, तरी चालणाऱ्या शंभरातले पाचसुद्धा तिकडे वळत नसतील. बौद्ध भिक्षूंचा विहार, खोदून काढलेली मोठी ओसरी, भोवती झोपायच्या खोल्या. नात एका खोलीत आडवी झाली. “आबा, उशी नाही, पण थंडगार आहे.” शिंदे येण्याआधी कितीतरी शतकं या डोंगराच्या अंगाखांद्यावर माणसं मुक्कामाला होती, तीही खालच्या गावांत भिक्षा मागायला रोज उतरून चढणारी. त्यांच्या पोटऱ्या कशा असतील याचा विचार मी केला, हे इतिहासाच्या मास्तरांना सांगू नका. परतताना मुलाचा पाय मुरगळला. पन्नाशीला आलेला माणूस मुलीबरोबर उतारावर पळायला गेला, दुसरं काय होणार. हळद-तुरटीचा लेप लावून दोन दिवस सोप्यात बसला, तेवढ्यात त्यानं पुजाऱ्यांच्या नातवाला बुद्धिबळ शिकवलं.

दुसऱ्या रविवारी वर बसून राहवेना. आम्ही तिघं पहाटे उतरून गायमुखाशी थांबलो आणि खेट्याच्या लोकांत मिसळून पुन्हा चढलो. पुढं एक म्हातारी, नऊवारीचा काष्टा खोचलेला, अनवाणी. कुशिऱ्यापासून तिच्याबरोबर चाललेली पोरं मागं पडली होती. नातीनं तिला गाठायचा प्रयत्न केला. म्हातारी पळत नव्हती, पण थांबतही नव्हती. वर पोचल्यावर “चांगभलं!” म्हणून हात जोडले आणि नातीकडे वळून म्हणाली, “शर्यत लावतीस व्हय गं? मग बोलू नगंस वाटंला.” त्या दिवशी नातीला बावीस मिनिटं लागली. नंतर चढताना ती बोलली नाही.

आता सासनकाठीचं. मानाच्या काठ्या १०८. पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या पाडळीचा. वेळूची काठी तीस फुटांच्या पुढं सहज जाते, तिला रंगीत कापड गुंडाळलेलं, शेंड्याला निशाण. एकजण बुडखा अंगावर घेतो, बाकीचे चारी बाजूंनी दोर धरतात, आणि हलगीच्या ठेक्यावर ती नाचवत यमाईकडे न्यायची. गुलालानं डोळे भरलेले, पायाखाली खोबऱ्याचे तुकडे, माणसाला माणूस चिकटलेलं. लोक बघतात बुडखा घेणाऱ्याकडे. खरी परीक्षा दोरवाल्यांची. शेंडा हातभर कलला की खाली त्याचं वजन दुप्पट वाटतं, आणि चौघांनी एकमेकांकडे न बघता ते ओळखायचं. ज्याचा श्वास फुलला त्याचा दोर ढिला पडतो. म्हणून तर ते पाच रविवार.

आमच्या गावची काठी मानाच्या यादीत नाही, साधी आहे. पाचव्या खेट्यानंतर गावी गेलो तेव्हा पोरांनी ती आढ्यावरून काढून तेल लावून ठेवली होती. संध्याकाळी चावडीपुढं सराव. आमच्यात बायका दोर धरत नाहीत. तसा नियम कुणी केला ते मी विचारलं नाही, आणि कुणी सांगितलंही नाही. एक पोरगा बाजारातून यायचा राहिला होता, एक दोर मोकळा लोंबत होता. नात पुढं झाली. तिनं दोर मनगटाला एक वेढा देऊन ताण घेतला, पाय रोवले आणि माझ्याकडे बघितलं.

“आबा, वारा कुठनं हाय?”

“पन्हाळ्याकडनं,” मी म्हटलं. “त्याच अंगाचा धर.”