वारणेच्या सत्तर गावांतला संगणक

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा सांगण्यात आलं, "शाळेच्या आठवणी सगळेच लिहिणार आहेत. तू काहीतरी इतिहासावर लिही." इतिहासात मला जेमतेम मार्क पडायचे हे समितीतली मंडळी विसरलेली दिसतात. आपल्या इतिहासाच्या बाई मात्र विसरल्या नसणार. बाई, हा लेख वाचताना सनावळ्या तपासून पाहा, या वेळी मी पाठ केल्या आहेत.

विषय मला गणिताच्या सरांनी दिला. मागच्या डिसेंबरात त्यांना भेटायला गेले होते. चहा होईपर्यंत सरांनी विचारलं, "बाळ, तू नक्की काम काय करतेस?" मी समजावून सांगितलं. परदेशातल्या दुकानांच्या वेबसाइटवर गिऱ्हाईक वस्तू निवडतं आणि पैसे न भरताच निघून जातं. ते का जातं आणि त्याला परत कसं आणायचं, याचं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तिकडच्या माणसानं अजून एक बुटाचा जोड घ्यावा म्हणून तू इथं रात्री जागतेस." रागानं नाही म्हणाले, हसतच म्हणाले. पण पुढचं वाक्य हसून म्हटलेलं नव्हतं. "तुमच्या बॅचमधली इतकी चांगली डोकी कॉम्प्युटरमध्ये गेली. त्यातलं एक तरी इकडच्या कामाला आलं का गं?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येताना मात्र वारणेची गोष्ट आठवली. आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांदेखत ती घडली आणि आपण तिच्याकडे पाहिलंही नाही.

आपण दहावी झालो 1996 साली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1998 मध्ये, पंतप्रधान कार्यालयाच्या पुढाकारानं आपल्या जिल्ह्यात एक प्रयोग सुरू झाला. त्याचं नाव 'वायर्ड व्हिलेज'. कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली, वारणा नदीच्या दोन्ही काठांवरची सुमारे सत्तर गावं संगणकानं जोडायची होती. पैसा केंद्राचा, राज्याचा आणि वारणा समूहाचा, आणि संगणकाची बाजू नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरकडे. वारणानगरच का, तर तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला साखर कारखाना, दूध संघ, वारणा बाजार, शाळा-कॉलेजं असा सगळा सहकाराचा संसार तिथं आधीपासून नांदत होता. 1983 पासून तिथं इंजिनिअरिंग कॉलेजही होतं. भारतातल्या बहुतेक खेड्यांत तेव्हा फोन लागण्याची मारामार होती. त्या काळात पन्हाळा तालुक्यातल्या शेतकऱ्याला गावातच संगणकावर पिकांची माहिती, बाजारभाव, शिक्षणाची आणि नोकरीची माहिती मिळणार, असं ठरलं होतं. देश-परदेशातले लोक पाहायला येत होते.

मी त्याच वर्षी इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. घरापासून तीस-पस्तीस किलोमीटरवर हे चाललेलं होतं आणि चार वर्षांत मी एकदाही तिकडे गेले नाही. शेवटच्या वर्षी आम्ही चौघींनी मिळून प्रोजेक्ट केला तो 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम'. त्या काळात इंजिनिअरिंगच्या दर वर्गात असे दोन-तीन लायब्ररी मॅनेजमेंट असायचे. ग्रंथपाल मात्र शेवटपर्यंत रजिस्टरमध्येच लिहायचे. आम्हीही त्यांना कधी विचारलं नव्हतं की तुम्हाला नेमकी अडचण कशाची आहे.

पुढे काय झालं ते कळायला ऊस थोडा समजून घ्यावा लागतो. शहरातल्यांनी जरा धीर धरावा.

शेतकरी लागण करतो तेव्हा कारखान्यात नोंद करतो. कुठलं क्षेत्र, कुठली जात, लागणीची तारीख, आडसाली की सुरू की खोडवा. आडसाली ऊस पावसाळ्याच्या सुरुवातीला लावला तर तोडायला सोळा-अठरा महिने लागतात. या नोंदीवरून तोडीचा क्रम ठरतो आणि क्रम आला की तोडणीची चिठ्ठी निघते. ती वेळेवर आली नाही तर उसाला तुरा येतो, वजन घटतं आणि पुढच्या पिकाचा हंगाम चुकतो. तोडलेला ऊस काट्यावर जातो, वजनाची पावती मिळते, मग बिल. बिलातून खताचे पैसे आणि सोसायटीचं कर्ज वजा होतं. या साखळीतल्या प्रत्येक टप्प्यावर शेतकऱ्याला एकच गोष्ट हवी असते, आपलं नाव कुठवर आलं आणि आपल्या नावावर किती पडलं. ते विचारायला गट ऑफिसला, नाहीतर थेट कारखान्यावर हेलपाटा. माझ्या मामाचा ऊस एका दुसऱ्याच कारखान्याला जायचा. सुट्टीत आजोळी गेलं की मामा सकाळीच लुना काढून चिठ्ठीची चौकशी करायला निघालेला असायचा. दुपारी तोंड उतरवून परत यायचा. "साहेब जाग्यावर न्हाईत," एवढंच बोलायचा. एका वर्षी चिठ्ठी इतकी उशिरा आली की दीड एकराचा ऊस तुऱ्यावर गेला. मामीनं त्या वर्षी गळ्यातलं गहाण टाकलं, हे मला फार नंतर कळलं.

आता वारणेच्या गावांत काय झालं? ज्या मोठ्या गोष्टींसाठी संगणक आणले त्या बहुतेक बाजूलाच राहिल्या. शेतकरी केंद्रात यायचा तो उसासाठी. नोंद झाली का, तोड कधी, वजन किती, खत किती शिल्लक, बिल किती. गावातलाच एक पोरगा केंद्रावर बसलेला असायचा. तो आकडे काढून द्यायचा, कागद छापून द्यायचा, आणि कारखान्यावरचा हेलपाटा वाचायचा. परिषदांतल्या भाषणांत बहुधा याची नोंद किरकोळ झाली असेल. मला मात्र त्यात सगळं आलं असं वाटतं. जी माहिती साहेबाच्या टेबलावर असायची ती गावातल्या खोलीत आली.

इथं थोडं विषयांतर. हे सगळं मराठीत दिसायला हवं होतं आणि संगणकाला तेव्हा मराठी नीट येत नव्हती. तिच्यावर खपणारी माणसंही होतीच. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम मोहन तांबे यांनी पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये नेलं. ही संस्था 1988 ची. विंडोजमधला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट र. कृ. जोशी यांनी केला. आज आपण बॅचच्या ग्रुपवर मराठीत भांडतो, त्याच्या तळाशी अशी कितीतरी माणसं आहेत. आम्हा संगणकवाल्यांपैकी किती जणांना ही नावं ठाऊक असतील, शंकाच आहे.

परत वारणेकडे. 2005 साली बंगळूरमध्ये मायक्रोसॉफ्टची संशोधन संस्था सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक केंटारो तोयामा. हा मूळचा संगणकाला चित्र 'पाहायला' शिकवण्याच्या शास्त्रातला माणूस. त्यांचे सहकारी राजेश वीरराघवन वारणेला आले आणि त्यांनी आम्ही चौघींनी जे केलं नव्हतं ते केलं. केंद्रात काय चालतं ते बसून पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं की संगणक जुने झालेत, त्यांची देखभाल महाग पडते, आणि त्यांच्यावर जे काम चालतं ते चार आकडे इकडून तिकडे पाठवण्याचं आहे. त्या वर्षांतलं भारनियमन आपल्याला आठवतच असेल. मग त्यांनी संगणक काढून टाकण्याचाच प्रयोग केला. कारखान्यातल्या एका संगणकाला मोबाईल जोडला. गावाकडून एसएमएस करायचा, उत्तर एसएमएसनंच यायचं. सात गावांत आठ महिने हे चालवून पाहिलं. संगणकावर होणारं सगळं काम त्यावर झालं, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ते आधीच्यापेक्षा जास्त पसंत पडलं. या प्रयोगाचं नाव 'वारणा अनवायर्ड'. नऊ वर्षांपूर्वी ज्या गावांना तार जोडल्याचं कौतुक झालं, तिथंच तार काढल्याचं हे कौतुक.

त्यातलं तंत्र कितीसं अवघड होतं? आज तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी महिन्याभरात करील. आमच्या चौघींपैकी कुणीही 2002 मध्ये पुस्तक बघून बहुतेक केलं असतं. अवघड होतं ते तिथं जाऊन बसणं, आणि 'आपण आणलेली वस्तू इथं नको आहे' असं म्हणणं. दुसरी गोष्ट तर मला नोकरीत अजून जमत नाही.

तोयामांनी पुढे 2015 मध्ये 'गीक हेरेसी' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की तंत्रज्ञान माणसांत आणि संस्थांत आधीपासून असलेली इच्छा आणि कुवत वाढवतं, नसलेली निर्माण करत नाही. हे मला पटतं, पण अर्धंच. वारणेला संगणक चालला कारण नोंद ठेवणारी, बिल देणारी संस्था आधीपासून होती, इथवर ठीक. पण माहिती साहेबाच्या टेबलावरून खाली उतरली की शेतकऱ्याची कुवतही थोडी वाढतेच. मामाच्या हातात तारखेचा कागद असता तर तो उतरल्या तोंडानं परत आला नसता, भांडून आला असता. वीरराघवन पुढे आंध्र प्रदेशातल्या रोजगार हमीच्या अभ्यासाकडे वळले. त्यांच्या पुस्तकाच्या नावातच 'पॅच' हा आमच्या धंद्यातला शब्द आहे. प्रोग्रॅममधलं एक छिद्र बुजवावं, दुसरं सापडावं, तेही बुजवावं, तसं सरकारी योजनेतली गळती कशी बुजवत राहावी लागते याचा तो अभ्यास. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांनी आधी करून पाहिली ती तासगाव तालुक्यातल्या विसापूरला, म्हणजे आपल्या शेजारीच. आपल्या भागातल्या दोन गोष्टींचा माग काढत बाहेरचा माणूस इतका दूर गेला.

हे सगळं मी आपल्या ग्रुपवर थोडक्यात लिहिलं होतं, तेव्हा आपल्यातल्याच एका मित्रानं उत्तर दिलं, "आपण चांगलं कमवावं आणि चांगल्या कामाला देणगी द्यावी, प्रत्येकानं गावात जाऊन बसायची गरज नाही." त्यात तथ्य आहे. 2002 मध्ये आम्ही पास झालो तेव्हा नोकऱ्याच नव्हत्या. पहिला पगार हातात आला तेव्हा बाबांनी देवासमोर ठेवला होता. त्या पगाराला मी नावं ठेवणार नाही. पण वारणेला पैसा कमी पडला नव्हता, यंत्रंही होती. देणगीनं तीच आणखी चार आली असती. कमी होतं ते आपल्यासारखं, मराठी समजणारं, ऊस समजणारं आणि कोड लिहिता येणारं माणूस. ते बंगळूरहून यावं लागलं.

आपलं उद्यमनगर आठवा. लेथवर बसलेल्या मिस्त्रींनी शेतीपंपांची इंजिनं केली, गुऱ्हाळांचे घाणे केले. आपण समाजोपयोगी काम करतो आहोत असं त्यांच्या मनातही आलं नसेल. गिऱ्हाईक दारात उभं असायचं, हातात तुटलेला भाग घेऊन. माझं गिऱ्हाईक ओहायोत आहे आणि मी त्याला कधी पाहिलेलं नाही. सरांच्या प्रश्नाची मेख बहुधा इथं आहे. हुशारी कमी-जास्त असण्याशी त्याचा संबंध नाही, कोण कुणाच्या दारात उभं आहे याच्याशी आहे.

सरांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "इतिहास झाला. आता पुढची पायरी लिही." गणिताचे सर, त्यांना पायऱ्या लागतातच.

पुढची पायरी एवढीच झाली आहे. मामा आता नाही, शेती मामेभाऊ बघतो. या जानेवारीत त्यानं वजनाच्या पावतीचा फोटो पाठवून विचारलं, "ताई, ह्यो कोड कशाचा असतोय? पैसे कापल्यात." वीस वर्षं मी कोड लिहिते आहे, मला तो सांगता आला नाही. त्याला म्हटलं, तुमच्या गटाच्या चिटबॉयचा नंबर दे. चिटबॉयनं दहा मिनिटांत सगळं समजावून सांगितलं आणि असे आणखी अकरा कोड आहेत म्हणाला. ते अकराही मी वहीत उतरवून घेतले आहेत. फेब्रुवारीत चार दिवस रजा टाकून त्याच्या ऑफिसात जाऊन बसले. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही कशाला आलाय ते कळंना, पण बसा." पुढच्या हंगामात पुन्हा जाणार आहे. आपल्या बॅचमधल्या कुणाला यायचं असेल तर सांगा, त्या ऑफिसात अजून दोन खुर्च्या आहेत.