'उत्तर' म्हणजे नक्की कधी?

पुरातत्त्वाचं वाचन करताना 'उत्तर हडप्पा' हा शब्द आला की जरा थांबा. इथे 'उत्तर' म्हणजे दिशा नव्हे. 'हडप्पा संस्कृती संपल्यानंतरचा' असाही त्याचा अर्थ नाही. त्याच संस्कृतीचा शेवटचा टप्पा म्हणजे 'उत्तर'. 'उत्तरार्ध' या शब्दातला 'उत्तर' तोच.

उदाहरण आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलंच घेऊ. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथल्या उत्खननात खालून वर असा क्रम मिळाला : सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा, जोर्वे. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. थरांवरून क्रम कळतो, वर्षांचा आकडा नाही. आकड्यासाठी कार्बन-14 सारखी पद्धत लागते.

आता खरी अडचण बघा. 1974 मध्ये याच गावात एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना ब्राँझची चार शिल्पं सापडली : बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. ती उत्खननात, थरातून नोंदवून काढलेली नव्हती. बऱ्याच अभ्यासकांनी ती उत्तर हडप्पा काळातली मानली, डी. पी. अग्रवाल यांनी मात्र धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून या कालनिश्चितीवर शंका घेतली. वस्तू तीच, पण थराचा पुरावा नसल्यामुळे वाद राहिला.

म्हणून प्रबंधात 'पूर्व', 'उत्तर', 'समकालीन' असं काहीही लिहिण्याआधी स्वतःला विचारा : हा क्रम मला थरावरून कळला, मोजणीवरून, की नुसत्या साम्यावरून? जे असेल ते त्याच वाक्यात लिहून टाका.